मोटर जळली

अड्याळच्या स्टँडमागे माझं दुकान.
बोर्डावर लिहिलंय : सर्व प्रकारच्या मोटरी भरून मिळतील.
आचल शहारे, आठवी ब, तेवढं वाचूनच आत आली.
पिशवीतून तिनं हातभर कागदी नळी काढली,
तीन पंख, लाल टोक.
"काकाजी, याले दुसरी मोटर बसवून द्या ना जी."

किटमधली जागा अठरा मिलीमीटरची.
मामानं नागपूरहून आणल्या त्या मोटरी चोवीसच्या.
एक हातात घेऊन फिरवली :
पुठ्ठ्याची, मातीचं तोंड असलेली,
ना शाफ्ट, ना बेअरिंग, ना तांब्याचा एक वळसा.
"हिले वायर कुठं जोडाची?"
ती हसली नाही.
म्हणाली, "हे जळते."

सत्तावीस वर्षं
लोक माझ्याकडे जळालेलीच मोटर आणतात.
धानाला पाणी चालू असताना जळालेली,
एक फेज गेल्यावर रात्रभर गुरगुरत जळालेली.
झाकण उघडायच्या आधी मी नाक लावतो,
वासावरून सांगतो दोष कोणाचा,
लायनीचा की मालकाचा.
जळायसाठीच केलेली मोटर
पहिल्यांदा पाहत होतो.

जुनी नळी ओली करून सोलून काढली.
नवीला दोन कड्या, लेदराइड कागदाच्या,
खाचांत घालतो तोच कागद,
चार चार थर, कंपासनं आखून, कानशीनं घासून,
वार्निश पाजून उन्हात ठेवल्या.
मोटर मागे निसटू नये म्हणून
हॅकसॉ ब्लेडची पट्टी तापवून वाकवली.
पंखांच्या मुळाशी बांबूच्या चिपा.

मग तिनं वहीतून गणित काढलं.
"मोटर जड, म्हंजे बूड जड.
बूड जड झालं का याचं डोस्कं फिरते."
माणसाचंही, मी म्हणालो.

नाकात वजन हवं होतं.
नाजूक मारबते तलावावरून येत होता, कॅरिअरवर ओलं जाळं.
जाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी मागितले, बारा ग्रॅम.
"कोणती मासोळी धरता?"
"वरची," आचल म्हणाली.
त्यानं सहा मोजून दिले,
एक न मोजता.

दोरी बांधून तिनं ते डोक्याभोवती गरगर फिरवलं,
गोफणीसारखं, फक्त सोडायचं नाही.
सहा मण्यांवर ते शेपूट पुढे करून उलटं धावलं.
सातवा घातला.
नाक पुढे झालं.

रविवारी धानाच्या रिकाम्या बांधीत,
तणसाच्या ढिगापासून लांब.
सळई उभी केली, खाली पत्र्याचा तुकडा.
फवारणी पंपाची बॅटरी, चाळीस फूट वायर.
शेवटी मला वायर जोडायला मिळाली.
पाच, चार, तीनला तिचा घसा बसला,
दोन आणि एक मीच म्हणालो.

धोतर फाटावं तसा आवाज
आणि सळईवर काहीच नाही.
मान वर करेपर्यंत नुसती धुराची रेघ,
जरा वाऱ्याकडे वाकलेली.
सहाव्या सेकंदाला छत्री, असं मोटरीवरच छापलेलं.
आचल मोजत होती. चार. पाच.
सहाला काहीच झालं नाही.
सातला मी कड्यांचा, वार्निशचा, स्वतःचा
दोष शोधू लागलो.
आठला उघडली,
युरियाच्या पिशवीतल्या प्लास्टिकची, पांढरी.
जळायचे दोन सेकंद
आम्ही धरलेच नव्हते.

पलीकडच्या लाखोरीत सापडलं.
एक पंख हलला होता.
पट्टी दाबून तिनं मोटर ओढली, माझ्या तळहातावर ठेवली.
कोमट. हलकी. आतून पोकळ.
सवयीनं नाक लावलं.
दोष मिळाला नाही.

सोमवारी शटर अर्धं वर होतं,
तोच हुंदराज कापगते लुनावर तीन एचपी बांधून दारात.
तोंड पाडून म्हणाला, "जळली जी."
माझ्या तोंडून निघून गेलं,
"किती वर गेली?"