एक्केचाळीस हजार तास

म्हापशाला शुक्रवारी बाजार भरतो
म्हणून मी मंगळवारी गेलो.
हार्ड डिस्क घ्यायला गर्दी कशाला हवी?

रोमाल्दोने दोन काढून काउंटरवर ठेवल्या,
चौदा-चौदा टीबी,
कडेला जुन्या स्टिकरचा चिकटा: रॅक सात, खण बारा.
"बंगळूरच्या कुठल्याशा डेटा सेंटरातून उतरवल्यात," म्हणाला,
"बिघडल्या म्हणून न्हय. मुदत सरली म्हणून."

बांगडा घेताना मी कल्ला उचलून बघतो.
हिला कल्ला नाही, तास असतात.
त्याने वायर जोडली, पडद्यावर आकडा आला:
एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
जवळजवळ पावणेपाच वर्षं,
एक रात्र न झोपता.
डाग किती? शून्य.

दुसरीला आठ होते.
"ते तिने स्वतःच बाजूला टाकलेत," रोमाल्दो म्हणाला,
"त्या जागांवर ती आता जात नाही."
मला पटलं. माझ्यातही आठ-दहा जागा आहेत
जिथे मी जात नाही.
तरी ती परत केली.
पटणं वेगळं, साडेअकरा हजार वेगळे.
तिच्याऐवजी भलत्याच घाण्यातली एक घेतली,
कारण एका दिवशी जन्मलेल्या
एका दिवशी जातात म्हणे.

"वॉरंटी?"
"सहा म्हयने हांव. मागीर देव."

खाण बंद झाली तेव्हा मी वजनकाट्यावर होतो,
बेचाळीस वर्षांचा.
मलाही बिघडलो म्हणून काढलं नव्हतं.
दाखल्यावर लिहिलंय, वर्तणूक समाधानकारक.
तोवर लग्नं आणि नाटकं हौसेने टिपायचो,
मग पोटासाठी.

डिचोलीला आणून आधी कोरं तपासलं,
शेवटच्या कणापर्यंत लिहायचं, परत वाचायचं.
दोन दिवस, तीन रात्री.
वृंदा म्हणाली, माजघरात बसून
कोण एवढी सुपारी कातरतंय?
आत हेलियम असतो, मी सांगितलं,
जत्रेतल्या फुग्यातला.
ती म्हणाली, मग ही उडत कशी नाही?
याचं उत्तर रोमाल्दोलाही विचारायला हवं.

गोदरेजच्या कपाटात बावीस वर्षांच्या कॅसेटी.
वरच्या खणातल्यांना बुरशी,
खालच्यांत बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या टाकल्यात
त्या अजून कोरड्या.
रात्री जागून एकेक चालवतो,
ती चालते तेवढ्याच वेळात उतरते,
घाई करता येत नाही.

आणि प्रत्येकीत गोकुळदास कुडणेकर.
चौकटीत एकदाही नाही.
माझा माइक विंगेला खेटून असायचा, चूक माझीच,
म्हणून आधी गोकुळदास बोलतो,
मग राजा.
"प्रधानजी, हे काय ऐकतो आहोत आम्ही?"
विडीने बसलेला, घाईचा, हळू आवाज,
आणि त्याच्यामागून मुकुटातला मोठा.
एकोणीसशे नव्याण्णवच्या खेळात राजा दोनदा अडकला,
गोकुळदासने त्याला शिवीही घातली.
तीही नीट आली आहे.

लोक येतात, आपापले राजे मागतात.
राणी झालेला काका मागतात.
परवा गोकुळदासची सून आली,
पर्समधून पेन ड्राइव्ह काढला,
हातात नुसताच फिरवत राहिली.
"मामंजींचा आवाज आहे का हो कुठे?"
म्हटलं, सगळीकडे.
एवढ्याशात मावायचा नाही.

काल वीज गेली. यूपीएस ओरडला.
मी अंधारात दोघींवर हात ठेवून बसलो,
तापलेल्या होत्या, ताप आलेल्या पोराइतक्या.
एक इथेच राहील.
दुसरी मेहुण्याकडे साखळीला, धान्याच्या कोठीवर,
पूर येतो तिथे, पण कोठी उंचावर आहे.
पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळं वर टाका, बाबा.
वर म्हणजे कुठे, ते तो सांगत नाही.
ह्याही आल्या तिथूनच की.

आज पुन्हा आकडा पाहिला.
एक्केचाळीस हजार तीनशे एक.
त्यातले शेवटचे पंच्याण्णव
आमच्या घरचे.