डुकरांसाठी लावलेली गाणी

प्रज्योतनं नागपूरहून मेमरी कार्ड आणलं
आणि म्हणाला, मामा, हे लाव रात्री,
डुकरं काय, बिबट्यासुद्धा बांध ओलांडणार नाही.
फिनलंडची पोट्टी आहेत. एक अल्बम, नऊ गाणी.
नावं वाचायला गेलो
तर अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं,
उवा झाल्यासारखी.

गणेश मंडळाचा भोंगा माचीला बांधला,
ट्रॅक्टरची बॅटरी खाली, तणसावर.
पहिल्याच गाण्यात एक जण असा ओरडला
की लटारू शेंडेची काडी हातातच विझली.
'अबे, याच्या पोटात दुखते का?'
मग ड्रम सुटले,
राईस मिलचा पट्टा तुटावा तसे,
आणि लाखोळीच्या पलीकडून
काहीतरी जड, काळं
घाईघाईनं नाल्यात उतरलं.

आठ दिवस एक शेंग गेली नाही.
नावं आम्हीच ठेवली:
पहिलं गिरणीचं, दुसरं भांडणाचं,
पाचवं त्या बाईचं, जी एकदाच येते
आणि कोणाला तरी लांबून हाक मारून जाते.
सहाव्यात तो बाप्या एकच शब्द घासत राहतो,
तल्वी, तल्वी, तल्वी.
लटारू म्हणाला, 'याचे तळवे गार पडले.
जोडे नसतीन बिचाऱ्याजवळ.'
आणि आपले पाय शेकोटीकडे थोडे आणखी सरकवले.

मी ऑक्टोपॅड वाजवायचो, वडस्याच्या नाटक कंपनीत,
अठरा सीझन.
यंदा त्यांनी लॅपटॉपवाला पोट्टा घेतला.
हे मी लटारूला सांगितलं नव्हतं,
त्यानंही विचारलं नव्हतं
की पौषात, ऐन शोच्या दिवसांत,
मी रोज रात्री जागलीवर कसा.

चौथ्या गाण्यात पेटी निघते.
आपली नव्हे, छातीला बांधून फुगवायची ती.
लटारूचा हात आधी गुडघ्यावर गेला,
मग माचीच्या बल्लीवर.
'हे दंडारीचं होय.'
मी म्हणालो, नाही काका, मात्रा वेगळ्या आहेत,
मोजून पाहिल्या.
'तू मोज,' तो म्हणाला,
आणि डोक्यावरचं घोंगडं न काढता उठला,
सत्तरीचा माणूस, कमरेत वाकलेला,
दोन पावलं पुढं, एक गिरकी, दोन मागं.
माच करकरली. खाली बॅटरीची वायर सुटली.
अंधारात तो पुढची चार आवर्तनं
गाण्याशिवायच नाचला
आणि सम बरोबर पकडली.
कुठली सम, ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डुकरं सरावली.
त्यांनी अल्बम आमच्यापेक्षा नीट ऐकला होता.
गिरणीच्या गाण्याला नाल्यात थांबायची,
भांडणाच्याही,
आणि सातवं लागलं,
ज्यात नुसती एक तार वाजते आणि मागं वारा,
की पिलांसकट शेतात.
अर्धी बांधी नांगरल्यासारखी केली.
मी म्हणालो, सातवं काढून टाकतो.
'राहू दे ना बे,' लटारू म्हणाला,
'चांगलं गाणं हाय. त्यायलेही आवडते.'
शेत त्याचं. मी काय बोलणार.

प्रज्योतचा फोन आला तेव्हा विचारलं.
तल्वी म्हणजे हिवाळा, म्हणाला.
लटारूला सांगितलं.
त्यानं बिडी फिरवली, राख झटकली.
'मंग मी काय सांगतलो?'

शेवटचं गाणं बारा मिनिटांचं.
आठव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात
आणि कोणीतरी बर्फातून चालत येतं,
कर्र, कर्र, एकटंच.
अगदी धसकटातून यावं तसं.
पहिल्या रात्री लटारूनं काठी उचलली,
टॉर्च मारला, 'कोन होय बे?'
उजेडात कोणी नव्हतं. धुकं आणि बुजगावणं.
भोंग्यातला माणूस थांबला, खोकला,
दार लावल्याचा आवाज आला.

आता त्याला सगळं पाठ आहे.
तरी आठव्या मिनिटाला तो बिडी खाली ठेवतो,
टॉर्च न लावता विचारतो,
'कोन होय?'
आणि खोकला येईपर्यंत
थांबतो.