चार बोटं

सोहारहून बुरैमीकडे जाताना, वादी जिझीत,
पुलाच्या अलीकडे गाडी उभी करायला लावली डॉक्टर रय्यांनी.
एसी चालू ठेव, म्हणाल्या, दहा मिनिटं.
लागला तास.

कड्यात उशा रचलेल्या.
काळपट हिरव्या, फुगीर, एकीवर एक कललेल्या,
आमच्या कॅम्पात चादरी धुवायच्या दिवशी पडतो तसा ढीग,
फक्त कुणाच्या डोक्याचा खळगा नाही.

हा समुद्राचा तळ आहे, परकार.
लाव्हा फुटला, पाण्यानं तिथल्या तिथे त्याला कातडी दिली,
आत मऊच होता, पुढे घुसला, पुन्हा फुगला.
साडेनऊ कोटी वर्षं झाली.
मग तळानं खाली बुडायचं सोडलं
आणि अरबस्तानाच्या अंगावर चढून बसला.

मी हात लावला. तव्यासारखा तापलेला.
आमचा आजा तांडेल. तळाला काय असतं विचारलं की म्हणायचा,
गेले ते सांगत नाहीत, सांगतात ते गेलेले नसतात.
त्याला इथे आणून उभा करायला हवा होता.

तुमच्या गावी कुठला दगड?
जांभा, म्हटलं. हर्णैचं घर त्याच्याच चिऱ्यांचं,
दर पावसाळ्यात थोडं थोडं लाल होऊन अंगणात उतरतं.
त्या हसल्या. काळ्या दगडाचा गंज तो,
आणि तो काळा दगडही याच्याहून तीनेक कोटी वर्षांनी धाकटा.

अजून चालतंय सगळं?
चालतंय तर. आफ्रिका, तुम्ही, आम्ही,
एका थाळ्याभोवती जेवायला बसलेलो,
मग एकेक उठत गेला.
आता तुम्ही आणि आम्ही दोघेही उत्तरेकडेच निघालोय,
आम्ही जरा घाईत.
जरा म्हणजे?
वर्षाला तीन मिलिमीटर.

मला इथे बावीस वर्षं.
गाडी वळवताना स्टिअरिंगवरच गुणाकार केला.
सहासष्ट मिलिमीटर. बोटं लावून पाहिली. चार.
चार बोटं हर्णै मागे पडलंय,
आणि सकीनाला वाटतं, मीच येत नाही.

रात्री फोनवर तिला हे सांगितलं,
उशा, तळ, थाळा, सगळं.
तिकडे कुकरची शिट्टी झाली.
भातावर दोन बोटं पाणी ठेवते मी, ती म्हणाली.
चार ठेवलं की लगदा होतो.