चार पेन्सिल सेल

उद्यमनगरात भूपालअण्णा मगदूमांच्या फौंड्रीत
मस्कतच्या मेव्हण्यानं आणलेला कॉम्प्युटर
मांडीवर मावायचा.
आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं,
तीही इंग्रजी. स्वतःचा उजेड नव्हता त्याला;
ट्यूबखाली तिरका धरला
की राखाडीवर काळं दिसायचं.

साठवायचं तर कॅसेटवर.
टेपरेकॉर्डर घरी, पोरं गाणी ऐकत.
अण्णा म्हणाले, ऱ्हाऊ दे,
ध्यानात ठेवतंय की ते.

लाल दिवा लागला ऐन पगारादिवशी.
सेल बदलायला मिनिटभर थांबायचं यंत्र.
त्याच मिनिटात लाईट गेली.
अंधारात एक सेल घरंगळला
मोल्डिंगच्या काळ्या वाळूत.

मेणबत्ती आली तेव्हा पडदा कोरा.
सव्वीस माणसांची हजेरी गेली.

मग एकेकाला विचारणं:
तुझं किती रं?
कुणी रुपया वाढवला नाही.
इलाही शिकलगार उलट चाळीस कमीच बोलला:
उचल घेतलीया अण्णा, बुधवारी.
ती कॉम्प्युटरला
सांगायची राहिली होती.

मी तेव्हा कोर भाजायचो, वय सतरा.
वाळूतला तो नवा सेल
पुसून खिशात घातला.
ट्रान्झिस्टरला दोन महिने चालला.
कुणी विचारलंच नाही.