सेहेचाळीस

करंझोळच्या वर, जिथून रस्ता गाडीला नको म्हणतो,
तिथून पुढे खुर्ची आम्ही डोक्यावर नेली.
घडीची खुर्ची, दोन बादल्या, कपाळावरची बॅटरी
आणि माझं लॉगबुक : अजून अकरा दात हवेत.

अकरा.
धनगरवाडीच्या पारावर बसलेली तोंडं
मी काजूच्या बियांसारखी मोजत होते.

भागी झोरे बसली, पदराने ओठ पुसून.
हिरड्या मिश्रीने काळ्या, चुलीमागच्या भिंतीसारख्या.
'सेहेचाळीस,' मी ज्युनिअरला म्हटलं, 'लिही.'
'न्हाई गं बाय,' माझा आरसा तोंडात असतानाच ती,
'साठीच्या पल्याड असंन मी. लाजू नगं, खरं लिव.'

मग समजावलं. खालचा, उजवा, सहावा : त्याचा हा नंबर.
तिने जिभेने दात चाचपला,
नव्याने ओळख झाल्यासारखा.
'ह्येला नंबर हाय व्हय?
वाडीतल्या घरास्नी अजून न्हाई.'

सूज होती. आज काढता येणार नव्हता.
पाच दिवसांच्या गोळ्या, मग बांबोळीला या,
मी पाठ केलेलं बोलून गेले.
तिने बोटं मोडली : करंझोळपर्यंत पायी,
वाळपईची बस, पणजीची बस, मग तिसरी,
संध्याकाळी दोन म्हशी कोण पिळणार?
'थांबलं दुखणं तर येऊ कशाला,
न्हाई थांबलं तर येऊ कशी?'

याचं उत्तर चार वर्षांच्या
कुठल्याच पुस्तकात मला आठवलं नाही.

मिनेझिस सरांनी अर्ज दोनदा वाचला.
'डिझेल कोण देणार? रविवारी कोण येणार?'
मी येणार, म्हटलं. ज्युनिअर येईल. तुम्ही आलात तर
दात काढता येईल.
चष्मा पुसत म्हणाले, 'लॉगबुकात धरणार नाही हं.'
आणि सही केली. वर, 'डबा मी आणीन.'

मुळं दोन, एक आकड्यासारखं वाकडं.
अर्धा ओठ बधिर झाला तेव्हा
भागीने माझ्या ॲप्रनची कड धरली,
धरूनच ठेवली.
मागे सरांचं हळू बोलणं : घाई नको, घाई नको.
आला.

ट्रेमध्ये टाकणार तोच तिने हात पुढे केला.
'दे.'
तोंडात कापूस, बोलणं अर्धं,
तशीच उठली, उंबऱ्याबाहेर माती उकरली,
दात पुरला, वर टाचेने दाबलं.
'आता झाला घराला नंबर.'

कुणी हसलं, कुणी नाही.
सर डबा उघडायचं विसरले.

तेवढ्यात बिरू, तिचा नातू,
हलणारा पुढचा दात बोटाने ढकलत :
'माजा कितवा?'
खालचा, डावा, दुधाचा. एक्काहत्तर.
आजीच्या पुढे गेलो म्हणून
पोरगं ओरडत उतारावरून पळालं,
आणि त्याच्यामागे आणखी नऊ जण
तोंड उघडून उभे राहिले
आपापला आकडा विचारायला.

लॉगबुकात अजून अकराच हवेत.
पुढल्या रविवारचं डिझेल
मी अजून मागितलेलं नाही.