लाल नांगी

जाळं ओढलं तेव्हाच हलकं लागलं.
सियामुंडेने कंदील खाली धरला:
सात ब्रीम. म्हणजे सात डोकी,
त्यांच्यामागे काटे, कंगव्यासारखे स्वच्छ,
आणि पोट भरून तिथेच अडकलेले ते,
लाल नांगीचे, चाळीस तरी असतील.

एकेक सोडवायचा. पाठीवरून धरायचा,
तरी अंगठा फुटतोच.
एक सुटतो तोवर दोन आस तुटतात.

कुणाच्या तरी तळ्यातून, म्हणतात,
एका पुराच्या रात्री निसटले होते थोडे.
करीबाच्या पाण्यात आता थोडं काही राहिलेलं नाही.

सियावोंगाचा लॉजवाला घेतो बादलीभर,
बटाट्याहून स्वस्त.
मीही एक उकडून खाल्ला.
गोड लागला.
त्याचाच जास्त राग आला.

आई काठावर बसून फाटलेलं विणते.
हे कधी जाणार, मी विचारलं.
तिची सुई थांबली नाही.
"धरण झालं तेव्हा मी पाठुंगळीला होते.
लॉरीतून उतरवलं आम्हाला कोरड्या टेकडीवर.
तिथली माणसंही हेच विचारत होती,
आमच्याकडे बघत."

मी गप्प. सियामुंडे उगाच
होडीतलं पाणी उपसत राहिला.

संध्याकाळी जाळं हातात दिलं तिने.
आस दोन बोटं मोठी विणलेली.
लहान मासे निसटतील, मी म्हटलं.
"निसटू देत.
आणि पहाटेची वाट बघू नकोस,
मध्यरात्रीच ओढ.
एखाद्याचं धड तरी घरी येईल."