बारावं नाव

अकरा वाजेपर्यंत यादी बदलता येते.
मग ठेंगरी मास्तर माइकवर नावं वाचतात
आणि विषय संपतो.

घाटंजीकडून चढाईवाला पोट्टा आणला होता,
अठ्ठावन्न किलो, पायात स्प्रिंग.
जागा बाराच.
मी मोरेश्वर कोवेचं नाव खोडलं,
शिसपेनीनं, हलक्या हातानं,
जसं काही हळू खोडल्यानं कमी लागते.

आमच्या तालुक्याचा कायदा असा:
सोडलेला गडी मागायचा पहिला हक्क
मागच्या साली तळाला गेलेल्या गावाचा,
मग त्याच्या वरच्याचा, असं चढत चढत.
कोणीच हात वर केला नाही
तर गडी परत आमचा,
पाणी द्यायला, पिंढऱ्या चोळायला.

खरं सांगू? मी तेच धरून चाललो होतो.
एक गुडघा गेलेला, वय चौतीस,
कोण मागते बाप्पा!

कापसाच्या काट्यावर पोरांची वजनं चालली होती.
मोरेश्वरनं जर्सीची घडी माझ्या मांडीवर ठेवली.
"धुतली नाही," एवढंच म्हणाला.

दहा पन्नासला उमरविहीरवाले उठले,
पाचही सामने हरलेलं गाव.
"आमाले पाह्यजे."

दुपारी तो समोर उभा.
उसनी जर्सी, बेंबी उघडी,
नजर आमच्या डाव्या कोपऱ्यावर,
नामदेवच्या त्या घोट्यावर
ज्याला काल रात्री त्यानंच तेल लावलं होतं.

वहीत पाह्यलं,
रेघ मागच्या पानावर उमटली होती.

शिट्टी झाली.
तो रेषा ओलांडून आला,
दम मात्र
आमच्याच गावच्या चालीत.